घरगुती कॉकटेल : भुसावळच्या उन्हात फसलेली डायकिरी

तापीकाठ | १२ मे, रात्री १०:४०

रामराम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो. आज धागा काढायची वेळ आली, कारण काल घरी पाहुण्यांसमोर फजिती झाली.

मी भुसावळचा. आमच्याकडे 'बसायचं' म्हटलं की चित्र ठरलेलं: मधोमध खंबा, पाण्याच्या बाटल्या, शेव, शेंगदाणे, कांदा-लिंबू आणि दोन तासांनी कुणाच्या तरी जमिनीच्या वाटणीवरून वाद. यातली शेव सोडली तर मला कशातच गोडी नाही. एकच ग्लास घ्यावा पण निगुतीने केलेला घ्यावा, म्हणून गेल्या हिवाळ्यापासून घरी कॉकटेल करून बघतोय. जिन-टॉनिक जमलं, जिमलेट बरी झाली. म्हणून काल मेहुण्याला आणि त्याच्या मित्राला मोठ्या तोऱ्यात डायकिरी पाजायला गेलो.

६० मिली पांढरी रम, एका लिंबाचा रस, दोन चमचे साखर आणि बर्फ, असं सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून चांगलं मिनिटभर हलवलं. ग्लासात आलं ते लिंबाचं पाणी. त्यात कुणीतरी रमच्या बाटलीचं झाकण विसळलंय असं वाटत होतं. आंबट, पातळ, आणि घोटाच्या शेवटी खोकल्याच्या औषधाचा वास. तळाशी साखर तशीच. मेहुणा म्हणाला, "दाजी, यापेक्षा ओआरएस बरं."

काल पारा ४५ च्या पुढे होता. बर्फ ऐनवेळी धावपळ नको म्हणून अर्धा तास आधीच पातेल्यात काढून ठेवला होता. आणखी काय चुकलं? आणि धागा निघालाच आहे तर आपापल्या घरच्या कृती टाका. मापं मिलीत द्या, 'अंदाजाने' नको. अंदाजानेच माझी ही गत झाली.

सव्वाशेर | १२ मे, रात्री ११:०५

मेहुण्याशी सहमत. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

बत्ता | १३ मे, सकाळी ७:५०

तापीकाठराव, तुम्ही चुका चार केल्यात आणि चारही प्रत्येकाने कधी ना कधी केलेल्या आहेत.

पहिली म्हणजे 'एका लिंबाचा रस'. लिंबू हे माप नाही. आपलं कागदी लिंबू पावसाळ्यात भरपूर रस देतं, आणि मे महिन्यात तेच लिंबू दुप्पट भावाने घेऊन पिळलं तर चमचाभर. डायकिरीचं जगभर मानलेलं माप आहे ६० मिली रम, २० मिली रस, दोन छोटे चमचे बारीक साखर. रस मोजायला महागडं जिगर (दारू मोजायचं छोटं माप) नको, औषधाच्या बाटलीवर येतं ते प्लास्टिकचं झाकण घ्या. त्यावर अडीच, पाच, दहाच्या रेघा असतात. (औषधाचा वास तिथूनच आला नसेल ना? धुऊन घेत चला.)

दुसरी चूक साखरेची. थंड दारूत साखर विरघळत नाही, ती तळाशी बसते आणि वरचं सगळं आंबट लागतं. पाक करून ठेवा. साखर आणि पाणी वजनाने सारखं घ्यायचं, विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार वगैरे आणायची नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. या पाकाचे १५ ते २० मिली.

तिसरी चूक बर्फाची, आणि खरी मेख इथेच आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करायला एक कॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी ओढून घेतो. म्हणजे पेय थंड होतं ते बर्फ 'थंड असतो' म्हणून कमी आणि बर्फ 'वितळतो' म्हणून जास्त. पाणी मिसळणं हा कॉकटेलमधला अपघात नाही, तो कृतीचाच भाग आहे. पण तुमचा बर्फ अर्धा तास ४५ अंशांत आधीच घामाघूम झालेला. त्याच्या अंगावरचं पाणी कधीच वितळून बसलंय, ते आता काही थंड करणार नाही, फक्त पातळ करणार. बर्फ फ्रीजरमधून थेट डब्यात. मधे पातेलं नको, टेबल नको, मेहुणा नको.

चौथी, मिनिटभर हलवणं. १०-१२ सेकंद पुरतात, पण जोरात. डबा हातात धरवेना इतका गार झाला की थांबा. ९५-१०० मिली आत गेलं असेल तर बाहेर १२५-१३० च्या आसपास यायला हवं. गाळायला चहाची गाळणी उत्तम, तिच्यात बर्फाचा चुरा अडकतो. आणि ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवा, कपाटातला ग्लास भुसावळात मे महिन्यात हाताला चटका देतो.

हलवायचं कधी आणि नुसतं ढवळायचं कधी याचा नियम सोपा आहे. रस, दूध, अंडं असलं की हलवा. सगळीच दारू असेल तर लांब चमच्याने ढवळा.

अवांतर: डायकिरी हे क्यूबातल्या एका गावाचं नाव, सान्तियागोजवळचं. तिथे खाणी होत्या आणि १८९८ च्या सुमाराला तिथल्या एका अमेरिकन खाण-अभियंत्याने हे पेय केलं असं सांगतात. उकाड्यात राबणाऱ्या माणसाचं पेय आहे, त्यामुळे भुसावळात ते न जमायला काही कारण नाही.

तापीकाठ | १३ मे, दुपारी २:१५

दंडवत! पातेलं भंगारात. आता ती बाटली पुन्हा बघितली आणि कपाळाला हात लावला. दुकानदाराने 'व्हाइट रम' म्हणून दिलेली बाटली लिंबाच्या फ्लेवरची आहे. लेबलवर बारीक अक्षरात. खोकल्याच्या औषधाचं रहस्य उलगडलं.

नवापूरचा बाक | १३ मे, दुपारी ४:३०

तुम्हाला निदान फ्लेवरची मिळते तरी. आमच्या स्टेशनचं अर्धं अंग महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे. प्लॅटफॉर्मवरच्या बाकाच्या एका टोकाला बसून मी डायकिरीचा विचार करू शकतो, दुसऱ्या टोकाला सरकलो तर दारूबंदी.

पूर्वाश्रमीचा पुणेकर | १४ मे, रात्री ९:२०

धुळ्याहून. माझीही कबुली. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून येताना गोड व्हर्मुथची बाटली आणली. निग्रोनी करायची होती: जिन, कंपारी (लाल, कडू लिकर), व्हर्मुथ, तिन्ही ३० मिली, बर्फावर ढवळायचं, संत्र्याची साल. याहून सोपं काही नसेल. पहिल्या आठवड्यात अप्रतिम झाली. मग बाटली हॉलच्या शोकेसमध्ये ठेवली, चांगली दिसते म्हणून. उघडली होती दिवाळीनंतर, पुन्हा निग्रोनी केली ती एप्रिलमध्ये. चव म्हणजे शिर्का आणि ओला पुठ्ठा.

नंतर कळलं की व्हर्मुथ ही मुळात वाइन. वनस्पती घालून, थोडी दारू वाढवून केलेली, पण वाइनच. उघडली की हवेने उतरायला लागते. फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षं कपाटात राहत नाही, त्यातून धुळ्याचा उन्हाळा. आता छोटी बाटली मिळाली तरच घेतो. नाही मिळाली तर निग्रोनी करत नाही. व्हर्मुथऐवजी पोर्ट वाइन घालून पाहिली आहे, त्याला निग्रोनी म्हणवत नाही.

केळफूल | १५ मे, सकाळी ११:१०

मी रावेर तालुक्यातली. या धाग्यावर पहिली बाई मीच दिसते, तर मीच विचारते, एवढं लिंबू-लिंबू चाललंय आणि केळीचं नाव कुणीच काढत नाही?

आमच्या घरात तीन पिढ्या केळी. आजोबांच्या वेळी बसराई, मग श्रीमंती, आता सगळीकडे ग्रँड नैन. घड कापताना ज्या फण्या डागी निघतात, त्या पेटीत जात नाहीत. घरात खाऊन किती खाणार? शिकरण, वेफर्स, शेजारीपाजारी, गुरं. मी त्यांचा पाक करते.

केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घ्यायचं, पिवळंधमक नको. सोलून चकत्या, चकत्यांच्या वजनाइतकी साखर, झाकून रात्रभर. साखर पाणी ओढते आणि सकाळी तपकिरी रस सुटलेला असतो. त्यात अर्धी वाटी गरम पाणी घालून हलक्या हाताने गाळायचं. कुस्करायचं नाही, कुस्करलं की गढूळ आणि चिकट. फ्रिजमध्ये आठवडाभर, त्यापुढे नाही.

ग्लासात ६० मिली काळी रम (सात वर्षं मुरवलेली ती आपली जुनीच मी वापरते), ८ मिली केळीचा पाक, बिटर्सचे (दारूत मुरवलेला कडू-मसालेदार अर्क) दोन-तीन थेंब. मोठा बर्फ टाकून ३० वेळा ढवळायचं. वर मोसंबीची साल ग्लासवर पिळायची, म्हणजे तेलाचा फवारा पडतो. केळी ओल्ड फॅशन्ड. यजमानांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं, आता शेतातून फोन करून विचारतात, पाक शिल्लक आहे का.

एकच अडचण. जळगावात बिटर्स सहज मिळत नाहीत. काय करता तुम्ही लोक?

बावनकशी | १५ मे, दुपारी १२:४५

केळफूलताई, पेय चांगलं असेल, पण त्याला ओल्ड फॅशन्ड म्हणू नका. ओल्ड फॅशन्ड म्हणजे व्हिस्की. अभिजात गोष्टीला आपण हात लावू नये. उद्या कुणी शेवभाजीत पनीर घालेल.

सव्वाशेर | १५ मे, दुपारी १२:५२

घालतात हो. जळगाव-धुळे हायवेवर घालतात. 😔

बत्ता | १५ मे, रात्री १०:३०

बावनकशी, कोणती व्हिस्की वापरता?

बावनकशी | १५ मे, रात्री १०:४१

चांगली भारतीय. नाव कशाला, मध्यम किमतीची. सगळे घेतात ती.

बत्ता | १५ मे, रात्री ११:२०

मग ऐका. आपल्याकडच्या मध्यम आणि स्वस्त 'व्हिस्की' बहुतेक मळीच्या स्पिरिटवर केलेल्या असतात, त्यात थोडी माल्ट व्हिस्की मिसळतात. मळी म्हणजे साखर कारखान्यातली मळी, उसाची. युरोपात असल्या बाटलीला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, कारण तिथल्या व्याख्येत व्हिस्की धान्याचीच लागते. म्हणजे गेली कित्येक वर्षं तुम्हीही रमच्याच चुलत बहिणीची ओल्ड फॅशन्ड पिताय. केळफूलताई निदान रमला रम म्हणतायत.

पूर्ण धान्याची भारतीय सिंगल माल्ट मिळतात, बंगळूरची आहे, गोव्याची आहे, उत्तम आहेत. पण तिच्यात साखर घालायला माझा हात धजत नाही, हे माझं वैयक्तिक.

बाटलीवर ४२.८ टक्के का असतं, कधी विचार केलाय? ४० नाही, ४३ नाही. जुन्या इंग्रजी मोजणीत 'प्रूफ' म्हणजे ५७ टक्क्यांच्या जरा वर. दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेटली तर माल 'प्रूफ'. त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ७५ अंश प्रूफ, ते ४२.८. जुन्या लेबलांवर '२५ यू.पी.' लिहिलेलं असायचं, म्हणजे प्रूफच्या २५ खाली. इंग्रज गेले, दशांश राहिला.

केळफूल | १६ मे, सकाळी ९:००

धन्यवाद बत्ताभाऊ. बावनकशीभाऊ, राग नाही, पण अभिजातचंच बोलायचं तर कॉकटेल या शब्दाची सर्वांत जुनी छापील व्याख्या १८०६ सालची, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वर्तमानपत्रातली. त्यात म्हटलंय की कोणतीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. 'कोणतीही' दारू. माझ्या ग्लासात चारही आहेत, साखर फक्त रात्रभर केळीच्या संगतीत राहिली. पुढे बारवाले त्यात नाना लिकर ओतायला लागले, तेव्हा लोक म्हणाले आमचं ते जुन्या पद्धतीचं द्या. ओल्ड फॅशन्ड हे नाव तिथून आलं. म्हणजे हिशेबाने मी तुमच्याइतकीच जुन्या वळणाची.

आता कुणी बिटर्सचं सांगेल का?

बावनकशी | १६ मे, सकाळी ९:३०

हार मानली. पनीरबद्दल मात्र ठाम.

पानपुडा | १६ मे, संध्याकाळी ६:१५

ताई, बिटर्सचं मी सांगतो. आमचं अमळनेरला काष्ठौषधींचं दुकान, वडिलांच्या वेळेपासून.

बाजारातलं जे प्रसिद्ध अँगोस्तुरा बिटर्स, ते १८२४ साली एका जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलातल्या अँगोस्तुरा गावी पोटाचं औषध म्हणून केलं. आता ते त्रिनिदादमध्ये होतं. त्याचा कडूपणा जेन्शियन नावाच्या मुळीचा. आता गंमत बघा, आपलं काडेचिराईत त्याच जेन्शियनच्या कुळातलं! लहानपणी तापात आईने नाक दाबून पाजलेलं आठवतंय ना, तेच.

मी करतो ते असं. १५० मिली साधी व्होडका काचेच्या बरणीत. मोसंबीची वाळवलेली साल दोन चमचे (आतला पांढरा भाग खरवडून), चार लवंगा, दोन वेलदोडे, दालचिनीचा बोटभर तुकडा, जायफळाची चिमूट. हे दहा दिवस. काडेचिराईत वेगळ्या छोट्या बरणीत, ५० मिली व्होडकात अर्धा चमचा, आणि ते फक्त दोन दिवस. दोन्ही गाळून मग कडू अर्क थेंबाथेंबाने पहिल्यात. एकत्र मुरवलं की कडू किती चढेल यावर ताबा राहत नाही, माझी पहिली बरणी तशीच गेली. ग्लासात चार-पाच थेंब, त्यावर नाही. हे चवीपुरतं आहे, औषध म्हणून चमचे घेऊ नका. गरोदर बाईने किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने तर काडेचिराईताच्या वाटेला जाऊच नये.

लवंगी | १८ मे, रात्री ८:००

नंदुरबार हाजिर! आमच्याकडे मिरचीचे पथार (वाळवणं) लागले की गावभर शिंका. तर मी व्होडकात आमच्या सुक्या लाल मिरच्या घातल्या, ब्लडी मेरीसाठी. पाच मिरच्या, तीन दिवस. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही पण दारूत झपाट्याने उतरतो, हे मला चौथ्या दिवशी कळलं. एका घोटात कान बंद. ती बाटली अजून आहे, भाऊ फोडणीत दोन थेंब टाकतो.

आता करते ते: एक मिरची, बिया काढून, दोन तास. दर अर्ध्या तासाला चाखायचं. मग ४५ मिली ही व्होडका, ९० मिली टोमॅटोचा रस, १५ मिली लिंबू, मीठ, मिरपूड, आणि वूस्टर सॉस नसला तर चिंचेचा कोळ अर्धा चमचा. जोरात हलवायचं नाही, रस फेसाळतो. दोन ग्लासांत इकडून तिकडे ओतायचं, चहावाल्यासारखं.

जुनी वाट | २१ मे, रात्री ११:४५

सगळे क्यूबा आणि न्यूयॉर्कला निघालेत म्हणून थोडं घरचं सांगतो. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

'पंच' हे पेय युरोपात गेलं ते आपल्या बाजूने. इंग्रजी कागदपत्रांत हा शब्द १६३२ च्या एका पत्रात दिसतो, ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या. तो आपल्या 'पाच'वरून आला असं बहुतेक कोशांत सांगतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. १६३८ मध्ये मांडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेत होता. तिथल्या इंग्रज वखारीत पितात ते 'पालेपुंझ' त्याने नोंदवलंय: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. आणि सुरतेहून बऱ्हाणपूरला जायचा रस्ता होता नंदुरबारवरून. बऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांची ती राजधानी, जुन्या खान्देशाचं नाक. त्या रस्त्याने लिंबू, साखर आणि फिरंगी तिन्ही जा-ये करत होते.

बऱ्हाणपूरचीच आणखी एक. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रज राजदूत सर टॉमस रो तिथे जहांगीरच्या मुलाला, शहजादा परवेझला भेटला. दरबारातली भेट झाली, शहजादा म्हणाला आत खासगीत बोलू. रो बसून राहिला. त्याने जे नजराणे दिले होते त्यात बाटल्यांची एक पेटी होती. शहजाद्याने ती मधेच उघडली आणि मग भेटण्याच्या अवस्थेत राहिला नाही. रोने हे रोजनिशीत लिहून ठेवलंय. आपल्या मुलखात पाहुण्याने आणलेली बाटली पाहुण्याआधी संपण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे.

नवापूरचा बाक | २२ मे, सकाळी ७:१०

परवेझ माझा मेहुणा असावा.

सातपुडी | २५ मे, रात्री ९:५०

धडगावकडचा आहे. धागा आवडला. केळी आली, मिरची आली, आता कुणीतरी 'मोहाचं कॉकटेल' मागणारच, म्हणून आधीच बोलतो.

चैत्रात पहाटे मोहाची फुलं पडतात. उन्हं चढायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. ती फुलं आमच्याकडे आधी खाणं आहेत, मग पैसा, मग दारू. आणि दारूही आधी देवाला, मग माणसाला. शहरातून येणारे मित्र गाडीतून उतरायच्या आधी विचारतात, 'ओरिजिनल मिळेल का?' तेव्हा मला जरा लागतं.

दुसरं, कुणाच्याही हातभट्टीची बाटली आणून त्यात टॉनिक ओतू नका. त्यात काय मिसळलंय हे चवीवरून कळत नाही. मेथनॉलला वेगळी चव नसते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मोहाचं मद्य आता रीतसर परवान्याने, लेबल लावून बाटलीबंद विकणारे आहेत, ते घ्या. घरी गाळणं बेकायदा आहे, ते करू नका.

पण फुलं करता येतात. वाळलेली फुलं मूठभर, आतले केसर झटकून, धुऊन, दोन वाट्या पाण्यात रात्रभर. सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळायचं, गाळायचं, थोडा गूळ. मनुका आणि धुराच्या मधला वास येतो. व्हिस्की सावरमध्ये साखरेच्या पाकाऐवजी हे घाला: ४५ मिली व्हिस्की, २० मिली लिंबू, २० मिली हे. मूळ कृतीत पिवळं लेमन २५ मिली आहे, आपलं कागदी जास्त धारदार म्हणून मी कमी घेतो. आणि बिनदारूचं पाहिजे तर हेच सोड्यात. माझी आई तेच पिते.

बत्ता | २५ मे, रात्री १०:२०

सातपुडी, या धाग्यावरची सर्वांत चांगली पोस्ट. एक भर: सावरवर फेस हवा असेल तर अंड्याच्या पांढऱ्याऐवजी छोले उकडलेलं पाणी २० मिली घाला. आधी बर्फाशिवाय हलवा, मग बर्फ घालून पुन्हा. शाकाहारी घरात चालतं, सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तापीकाठ | २० डिसेंबर, रात्री ११:५५

धागा वर काढतोय, कारण हिशेब द्यायचा आहे.

मे-जूनमध्ये डायकिरीवर घाम गाळला. बत्तांच्या मापाने दुसऱ्याच दिवशी जमली. मग मी शहाणपणा केला, सगळंच फ्रीजरमध्ये टाकलं. रमची बाटली, पाकाची बाटली, ग्लास, डबा. (४२.८ टक्क्यांची दारू घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, हे खरं.) तर ती डायकिरी जिभेला झोंबायला लागली. दोन दिवसांनी उजेड पडला. सगळंच आधी गार असल्यावर बर्फ वितळणार कशाला? पाणी मिसळलंच नाही. आता रम बाहेरच ठेवतो, फक्त ग्लास फ्रीजरमध्ये.

पारदर्शक बर्फही जमला. भाकरी ठेवायचा कॅसरोल, झाकण काढून, पाणी भरून फ्रीजरमध्ये. बाजू आणि तळ उबदार राहतात, म्हणून बर्फ वरून खाली धरत जातो आणि हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात. पूर्ण गोठायच्या आत काढायचं, खालचं गढूळ पाणी फेकायचं, वरची काच सुरीने फोडायची. घरात भाकऱ्या आता कापडात राहतात आणि त्यावरून रोज बोलणी बसतात. एकदा रात्रभर वीज गेली, तेव्हा कॅसरोलमध्ये सकाळी नुसतं स्वच्छ पाणी होतं.

परवाच्या रविवारी आसोद्याकडे मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. काट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, पातीचा कांदा. माणसं १४. तिथे एकेक ग्लास हलवत बसणं शक्य नव्हतं, म्हणून 'जुनी वाट' यांची आठवण काढून पंच केला. बार्बाडोसकडचं जुनं माप आहे, एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. ७५० मिलीचा खंबा म्हणजे 'तीन'. त्या हिशेबाने लिंबाचा रस २५० मिली. डिसेंबरातली रसाळ लिंबं, तरी २१ लागली. पाक ५०० मिली येतो, तो आपल्या जिभेला फार होतो, मी ३५० वर थांबलो. 'चार' म्हणजे एक लिटर: गार केलेला कोरा चहा. वर जायफळ किसलं. बर्फ मोठ्या तुकड्यांचा, पंचात न घालता ज्याच्या त्याच्या ग्लासात.

सगळं मिळून सव्वादोन लिटरच्या वर भरलं. हिशेब केला तर साधारण १३-१४ टक्के, म्हणजे वाइनइतकं. पण लागतं सरबतासारखं, आणि हाच त्याचा धोका. म्हणून छोटे स्टीलचे पेले ठेवले आणि माणशी दोन असं आधीच जाहीर केलं. तिघे गाडी चालवणारे होते, त्यांना सातपुडींचा मोहाच्या फुलांचा पाक सोड्यात. (फुलं पाठवल्याबद्दल आभार, कुरिअरवाल्याने पुडीत काय आहे ते तीनदा विचारलं.) शेवटी त्या तिघांच्या पेल्यांवरच बाकीच्यांचा डोळा होता.

आमचे अमळनेरचे मामा वय ७१. आयुष्यभर देशी नाहीतर काहीच नाही. त्यांनी पहिला पेला संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "सरबत चांगलं शे रे भो. दारू कव्हय येई?"

दुसऱ्या पेल्यानंतर त्यांनी हा प्रश्न विचारला नाही. बाजेवर बसून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची गाणी म्हणाले, तीन.

सव्वाशेर | २१ डिसेंबर, सकाळी ६:४०

मेहुणा आला होता का?

तापीकाठ | २१ डिसेंबर, सकाळी ८:०५

आला होता. दोनच्या वर मागितला, दिला नाही. आता बोलत नाही.

केळफूल | २१ डिसेंबर, सकाळी १०:३०

मस्त वर्णन. पुढच्या वेळी पाक निम्मा साखरेचा आणि निम्मा केळीचा करून बघा, चहाशी छान जुळतो. आणि पानपुडाभाऊ, बिटर्सची दुसरी बरणी जमली हो. फक्त काडेचिराईत दोन दिवस म्हणालात ते थंडीत तीन लागले. तुमची नमुन्याची बाटली धुऊन ठेवली आहे, अमळनेरला येणाऱ्या कुणाच्या हाती देऊ?